खऱ्या खुनावर पुस्तक लिहिताय? मृताच्या घरच्यांबाबत या चुका टाळा

खऱ्या गुन्ह्यांवरची हस्तलिखितं माझ्याकडे संपादनाला येतात. वाचायला घेण्याआधी मी फाइलमध्ये आरोपीचं नाव शोधते, मग मृताचं. पहिलं शेकड्यानं सापडतं आणि दुसरं बोटांवर मोजण्याइतकं, असं झालं की दुखणं कुठं आहे ते कळतं.

यात लेखकाचा हेतू वाईट असतो असं नाही. कागदच तसे मिळतात. पुण्यातलं जोशी-अभ्यंकर प्रकरण घ्या. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा खून झाले आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांच्यापैकी एकानं तुरुंगात आत्मकथन लिहिलं. माफीच्या साक्षीदाराची जबानी आहे, निकालपत्रं आहेत. मारेकऱ्यांच्या बाजूनं सांगायला एवढं सगळं. घरच्यांच्या वाट्याला पंचनाम्यातल्या चार ओळी.

म्हणून पहिली चूक: माणसाची ओळख त्याच्या खुनाच्या रात्रीपासून करून देणं. काशिनाथशास्त्री अभ्यंकर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते, हे सगळे लिहितात. त्यांनी संस्कृत व्याकरणाचा कोश केला, तो 1961 साली निघाला आणि अभ्यासक आजही तो उघडतात, हे किती जण लिहितात? गळा आवळायला वापरलेल्या नायलॉनच्या दोरीवर मात्र अख्खा परिच्छेद.

त्याच घरात काम करणारी बाईही त्या रात्री मारली गेली. बहुतेक लेखांत ती ‘मोलकरीण’ या एका शब्दात संपते. तिच्या पगारावर कोण जगत होतं, हे निदान मला तरी कुठं वाचायला मिळालेलं नाही. मुळात मेले दहा जण आणि प्रकरणाच्या नावात आडनावं दोनच. पहिला बळी मारेकऱ्यांच्याच कॉलेजातला. पोरगा आधीच मारलेला आणि त्यानंतर हॉटेल चालवणाऱ्या बापाच्या हाती खंडणीची चिठ्ठी. इथं ‘बापाच्या काळजाचा ठोका चुकला’ असलं वाक्य घुसवायचा मोह होतो. ते कापा. तुम्ही तिथं नव्हतात. चिठ्ठी आली, तेव्हा मुलगा जिवंत नव्हता, एवढंच लिहा. वाचक तिथं आपोआप थांबतो.

मृताच्या तोंडी शेवटचे संवाद घालणं तर सरळ खोटेपणा. ते ऐकणारा मारेकरीच, आणि त्याच्या शब्दावर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणं हा गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 228-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 72. ती हयात नसली तरी आणि घरचे ‘छापा’ म्हणाले तरी लेखकानं परस्पर ठरवायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं आहे. गावाचं आणि शाळेचं नाव देऊनही ओळख फुटते, बरं का.

घरच्यांना गाठायचं कसं? फोन नको. वर्षश्राद्धाच्या दिवशी तर नकोच. नातलगामार्फत पत्र पाठवा, त्यात काय लिहिताय ते सांगा आणि ‘उत्तर दिलं नाहीत तरी चालेल’ हे स्पष्ट लिहा. नकार आला तर पुन्हा विचारू नका. आणि मुखपृष्ठावर लग्नाच्या अल्बममधला फोटो टाकणार असाल, तर तो त्यांना दुकानाच्या काचेत पहिल्यांदा दिसता कामा नये. प्रकाशनाची तारीख त्यांना महिनाभर आधी कळवा.