टर्मिनलमधला काउंटडाउन: आकडा दिसतच नाही तेव्हा

लूप फिरवून दर सेकंदाला आकडा छापणं सगळ्यांनाच जमतं. अडतं ते तोच आकडा एका ओळीत, जागच्या जागी बदलताना. त्यासाठी कॅरेज रिटर्न लागतं, म्हणजे बॅकस्लॅश आर. ते कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतं, खाली उतरवत नाही. पायथनमध्ये प्रिंटला ‘एंड’ रिकामा द्यायचा, की नवी ओळ येत नाही.

सापळा नेमका इथेच आहे आणि मला त्याने फार छळलंय. सी भाषेत हाच प्रोग्राम लिहून चालू केला की स्क्रीन कोरीच. दहा सेकंद काहीही नाही आणि प्रोग्राम संपताना एकदम शेवटचा आकडा. आपण स्लीपवर, म्हणजे सेकंदभर थांबवणाऱ्या आदेशावर, संशय घेतो, लूप पुन्हा पुन्हा तपासतो. दोन्ही ठीक असतात! टर्मिनलकडे जाणारा मजकूर सी आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात ठेवतं आणि नवी ओळ आली की बाहेर सोडतं. ती नवी ओळ आपणच काढून टाकलेली असते. आकडे छापले जातात, पण बफरमध्येच पडून राहतात. म्हणून दर वेळी फ्लश करा, म्हणजे बफर लगेच रिकामा करा: सीमध्ये एफफ्लश वापरा. पायथन ३ टर्मिनलवर कॅरेज रिटर्न आलं की स्वतःच फ्लश करतं, तरी प्रिंटमध्ये ‘फ्लश’ ट्रू ठेवा. ‘फ्लश टाक, चालेल’ एवढंच सांगणारे सीनियर खूप भेटतील. कारण विचारल्याशिवाय त्यांना सोडू नका.

आकडा हलायला लागला की १० नंतर ९ ऐवजी ९० दिसेल. घाबरू नका. कॅरेज रिटर्न काहीच पुसत नाही, जुना शून्य तसाच राहतो. आकडा ठरावीक रुंदीत छापा, किंवा एस्केप, उघडता चौकटी कंस आणि मोठा के हा कोड पाठवून उरलेली ओळ पुसा. दर सेकंदाला पूर्ण स्क्रीन क्लिअर करण्याचा शॉर्टकट मात्र मला अजिबात मान्य नाही. वापरणाऱ्याचं आधीचं आउटपुट डोळ्यांसमोरून घालवायचा आपल्याला काय हक्क?

आणि प्रत्येक फेरीत नुसता एक वजा करू नका. स्लीपच्या एका सेकंदात छपाईचा वेळ मिळवला जातो, मोठ्या टायमरमध्ये फरक साचतो. मोनोटॉनिक घड्याळावर, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळावर, शेवटची वेळ आधीच ठरवा आणि उरलेले सेकंद त्यातून काढा. सिस्टीमचं घड्याळ मध्येच बदललं तरी मग टायमर बिघडत नाही.

आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर काउंटडाउन दाखवूच नका. आउटपुट टर्मिनलवर जातंय का ते सांगणारं इझएटीटीवाय तपासा, नाहीतर लॉगमध्ये सगळे आकडे एकापुढे एक चिकटलेले सापडतील.