वाचनालयाच्या देवघेवीतून रिलेशनल डेटाबेसची रचना

रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवलेल्या माहितीसाठ्याची, रचना शिकायची असेल, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद घ्यावा आणि ओळखीच्या एखाद्या व्यवहाराची टेबले त्यावर मांडून पाहावीत. वाचनालयाची देवघेव यासाठी उत्तम, कारण ती दिसते तितकी सोपी नसते.

नवशिके बहुधा एकच लांबलचक टेबल करतात: सभासद, मोबाइल, पुस्तक, लेखक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. मात्र सभासदाने दहा पुस्तके नेली की त्याचा मोबाइल क्रमांक दहा ओळींत पडतो आणि तो बदलल्यावर नऊच ओळी दुरुस्त झाल्या, तर खरा क्रमांक कोणता हे कळायला मार्ग उरत नाही. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली ज्या निबंधात रिलेशनल मॉडेल मांडले, त्यातही पुनरुक्ती आणि विसंगती यांची स्वतंत्र चर्चा आहे.

नॉर्मलायझेशनचे, म्हणजे पुनरुक्ती टाळण्यासाठी टेबले विभागण्याचे, नियम पाठ करण्याआधी प्रत्येक टेबलाबाबत ‘यातली एक ओळ म्हणजे नेमके काय?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहावे. ‘पुस्तक’ या टेबलापाशी हे वाक्य अडते. एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतील, तर लेखक आणि प्रकाशक ही माहिती शीर्षकाची असते, पण सभासद घरी नेतो ती विशिष्ट प्रत. फाटते किंवा हरवते तीही प्रतच. म्हणून शीर्षक आणि प्रत अशी दोन टेबले हवीत. आयएसबीएन हा पुस्तकावर छापलेला क्रमांक एका आवृत्तीच्या सर्व प्रतींवर एकच असल्याने त्यावरून प्रत ओळखता येत नाही, आणि जुन्या पुस्तकांवर तर तो नसतोच. प्रतीची प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा रकाना) म्हणून वाचनालयाने प्रत्येक प्रतीला दिलेला दाखल क्रमांक आयताच मिळतो (ग्रंथपालांनी हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सोडवला आहे).

देवघेवीच्या टेबलातली एक ओळ म्हणजे एका सभासदाने एक प्रत एकदा नेणे. सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक या तिथल्या फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे रकाने. परतीची तारीख रिकामी असेल, तर प्रत बाहेर आहे. ‘शिल्लक प्रती’ असा रकाना ठेवू नये; तो आकडा या नोंदींवरूनच काढावा, नाहीतर दोन ठिकाणचे हिशेब कधीतरी जुळेनासे होतात. एका पुस्तकाचे लेखक अनेक आणि एका लेखकाची पुस्तके अनेक असल्याने त्यांना जोडणारे वेगळे टेबल लागते. मोबाइल क्रमांक मजकूर म्हणून साठवावा, त्याची बेरीज कोणी करत नाही.

सरावाला एसक्यूलाइट हे छोटे डेटाबेस सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मात्र त्यात फॉरेन कीची तपासणी सहसा मुळात बंद असते आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी प्रॅग्मा या सेटिंग बदलणाऱ्या आदेशाने ती सुरू करावी लागते. एकच प्रत एकाच वेळी दोघांच्या नावावर पडू नये, यासाठी परतीची तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरताच दाखल क्रमांकावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट, घालता येतो.

मग मुद्दाम चुकीच्या नोंदी घालून पाहाव्यात: नसलेला सभासद, नसलेला दाखल क्रमांक, आधीच बाहेर गेलेली प्रत. यांपैकी एखादी नोंद बिनतक्रार स्वीकारली गेली, तर त्या टेबलाचा कागद पुन्हा काढावा.