वाऱ्याआधी चराचं तोंड बघा

हस्त नक्षत्र लागलंय. दुपारी अंगाची काहिली होते, शेवग्याचं पानसुद्धा हलत नाही आणि चारच्या सुमाराला पूर्वेला ढगांचे मनोरे उभे राहतात. मोबाईलवर वेधशाळेचा पिवळा इशारा येतो, कधी केशरी : मेघगर्जना, विजा, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा. मग गावात दोनच कामं होतात. निम्मे लोक पारावर बसून आभाळ बघतात आणि निम्मे कृषी सेवा केंद्रात जाऊन काहीतरी विकत आणतात. फावडं घेऊन शेताच्या खालच्या कोपऱ्यात, पाणी बाहेर काढणाऱ्या चराच्या तोंडाशी जाणारा माणूस क्वचित दिसतो.

तिथेच जायला पाहिजे. आपल्याकडे आश्विनात पीक वाऱ्याने आडवं होतं असं सगळे म्हणतात. मी वीस-बावीस वर्षं सीनाकाठी केळी, ऊस आणि तूर बघतोय, आणि आडवी झालेली निम्म्याहून जास्त रानं पाण्याने पाडलेली असतात. वारा फक्त शेवटचा धक्का देतो.

माझंच सांगतो. 14 ऑक्टोबर 2020. बंगालच्या उपसागरातला खोल कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळून आत शिरून तेलंगणामार्गे आपल्या डोक्यावर आला होता. दीड एकर जी-नऊ केळी होती, घड निम्मे भरलेले. त्याच्या आदल्या वर्षी खालच्या बांधालगतचा चर मी स्वतः बुजवला होता, दोन ओळी जादा बसतात म्हणून. सकाळी जाऊन बघतो तर खालच्या पट्ट्यात केळी कापून टाकल्यासारख्या झोपलेल्या. वरच्या पट्ट्यात तोच वारा, तीच जात, तीच लागण, आणि पडलेली झाडं बोटांवर मोजण्यासारखी. खालची झाडं गड्ड्यासकट उपटली होती, मुळांना चिखलाचे गोळे तसेच. वरची जी काही गेली ती कमरेत मोडली होती, गड्डा जागेवर. दोन ओळींच्या हावेपायी मी किती ओळी घालवल्या ते घरी अजून ऐकवतात.

हा फरक डोळ्यात ठेवा. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-सव्वा फुटात पसरतात, सोटमूळ नाही. काळी माती कोरडी असली की मूठ आवळल्यासारखी मुळं धरते. तीच माती पाण्याने तट्ट झाली की लोण्यासारखी होते. त्यात वर पंचवीस किलोचा घड आणि पालासारखी पानं. झाड मोडलं तर वाऱ्याचा जोर जास्त होता म्हणा. गड्ड्यासकट उपटलं तर आधी चर बघा. (गड्डा चिरून आत काळी भोकं दिसली तर सोंडकिडा, ते दुखणं वेगळं.)

तर आज, आभाळ मोकळं आहे तोवर, हे करा.

शेताच्या सगळ्यात खालच्या टोकाला जा, जिथून पाणी बाहेर पडतं. वरून सुरुवात करू नका. चर वरून उकरत आणला आणि तोंड बंदच राहिलं तर तुम्ही पाणी गोळा करायचा हौद बांधलाय. आधी तोंड, मग शेवटचे दहा-पंधरा फूट, मग वर. तोंडाशी काय अडकलेलं असतं ते मी दरवर्षी काढतो : पाचट, ड्रिपच्या जुन्या नळ्यांचं वेटोळं, युरियाची रिकामी पोती, केळीची सुकलेली पानं आणि कोणीतरी बसायला आणून ठेवलेला दगड. भारी जमिनीत चर दीड ते दोन फूट खोल आणि फावडं आडवं फिरेल इतका रुंद लागतो. काढलेली माती चराच्या वरच्या कडेला टाकू नका, पहिल्या पावसात तीच परत आत येते. खालच्या कडेला टाका.

झाल्यावर वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता आणि त्याच्या बरोबर चालत जा. जिथे थांबेल तिथे उंचवटा आहे. डोळ्यांना उतार वाटतो तो काळ्या रानात नेहमी उतार असतोच असं नाही, वखराने मधे कुठेतरी वरंबा तयार झालेला असतो. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. जेसीबी बोलवायचं असेल तर पाऊस पडायच्या आधी. ओल्या रानात जेसीबी घातलं की त्याची चाकोरी पुढची तीन वर्षं पाणी धरते.

तोंड शेजाऱ्याच्या रानात उघडत असेल तर आजच बोला, वादळाच्या रात्री बॅटरी घेऊन भांडू नका. आमच्या बांधावर हाच तंटा होता, दोन वर्षं बोलणं बंद. शेवटी दोघांच्या खर्चात बांधाखालून सिमेंटची नळी घातली, पाणी त्यांच्या कडेच्या चराने ओढ्याला गेलं. आता उलट तेच फोन करून विचारतात, "अण्णा, तुमचं तोंड उघडलं का?"

नवीन रस्ता झाला असेल तर मोरी आहे का आणि तिची पातळी तुमच्या चराच्या खाली आहे का, हेही बघून या. रस्ता दोन फूट उचलला आणि मोरी विसरली की वरची वीस एकरं तळं होतात. तसं असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या, पण वादळापुरतं तुमचं पाणी दुसऱ्या बाजूने काढायची सोय तुम्हालाच बघावी लागेल.

आता दुसरी गोष्ट, जी चराइतकीच घात करते : मोटारीचा ऑटो. रात्री लाईट येते, ऑटोवर मोटार आपोआप चालू होते, ड्रिप सकाळपर्यंत चालतं. एरवी सोय आहे. पण वादळाच्या आदल्या रात्री तुम्ही स्वतःच्या हाताने मुळाखालची माती मऊ करून ठेवता. इशारा आला की दोन दिवस आधी ऑटो काढून टाका. फळबाग, केळी, ऊस, सगळ्यांचं पाणी बंद. दोन दिवसांनी केळी मरत नाही. "पाऊस नाही आला तर?" असं विचारणारे भेटतात. नाही आला तर तिसऱ्या दिवशी पाणी द्या.

केळीला आधार द्यायचा तर घड ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूने दोन बांबूंची कैची, मानेखाली, घडाला न लागता. कंदरकडचे बागायतदार पॉलिप्रोपिलिनच्या पट्टीने झाडं एकमेकांना बांधतात, तीही चांगली, फक्त शेवटच्या ओळीची पट्टी झाडाला न बांधता खुंटीला बांधा. नाहीतर एक झाड पडताना ओळच ओढून नेतं. बांबू चिखलात रोवून उपयोग नाही. इथेही आधी चर, मग बांबू.

आडसाली ऊस आता डोक्याच्या वर गेलाय. दोन ओळींतले ऊस खालच्या पाचटाच्याच वेण्या करून एकमेकांना बांधून घ्या, हिरवं पान ओरबाडू नका. लोळलेला ऊस उंदराच्या तोंडाशी येतो, कांड्यांना मुळ्या फुटतात, साखर उतरते, आणि तोडणीवाले तो सगळ्यात शेवटी घेतात. बांधणी कोरड्यातच होते, चिखलात माणूस गेला तर मुळं तुडवतो.

द्राक्षात मांडवाच्या ताणाकडे बघा. टोकाच्या तारा ज्या पुरलेल्या दगडाला बांधलेल्या असतात तिथली माती फुगून भेगाळली असेल तर मुरूम टाकून ठोकून घ्या, आणि त्या जागी पाणी साठू देऊ नका. एक टोकाचा ताण सुटला की अख्खी ओळ पत्त्यांसारखी जाते. फळछाटणी चार दिवस पुढे ढकलली तर बाग मरत नाही. पोंग्यात, म्हणजे नवी फूट निघताना, पाऊस सापडला तर मात्र केवडा रोग डोक्यावर बसतो.

दुकानातून काय आणू नये तेही सांगतो. इशारा लागला की काउंटरवर सिलिकॉनचा डबा येतो, "खोड टणक होतं, वाऱ्यात टिकतं". शेजारी ताण कमी करणारं टॉनिक, वर औषध पानाला चिकटवणारं स्टिकर. मीही एका वर्षी दोन डबे आणले होते, एक अजून गोठ्याच्या फळीवर आहे. सिलिकॉन वाईट नाही, पण दोन दिवसांत कुठलंही खोड टणक होत नाही. दुकानदाराला एकच विचारा : हे मारलं आणि मुळाशी पाणी साठलं तर काय? तेवढ्या पैशात दोन गडी दिवसभर चर काढतात.

डाळिंबवाल्यांनी मृग बहाराच्या फांद्यांना बांबू द्यावेत आणि वादळानंतर, पानं सुकली की त्याच दिवशी, बोर्डो मारावं. फांद्या घासून झालेल्या जखमांतून तेल्या रोग आत जातो. फळं असलेल्या बागेत 0.5 टक्के : 100 लिटर पाण्याला 500 ग्रॅम मोरचूद आणि 500 ग्रॅम कळीचा चुना. फळं नसलेल्या, विश्रांतीतल्या बागेला 1 टक्का, म्हणजे एक-एक किलो. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या पिंपात भिजवा, मग एकत्र करा. घासलेला विळा अर्धा मिनिट बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवा, दुसरं कुठलंही औषध त्यात मिसळू नका. तयार बाटलीपेक्षा हे स्वस्त, आणि ताजं असतं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच सोलापूर शहराला लागून आहे. बागेत शंका आली तर फांदी घेऊन तिथे जा, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून गटाचं मत घेऊ नका.

बाकीची कामं, नुसती यादी :

– काढलेलं सोयाबीन शेतात ढिगाने ठेवू नका. बांधावर उंचवट्यावर, खाली पाचट, वर ताडपत्री, ताडपत्रीच्या कडांवर दगड. ओला ढीग झाकून ठेवला तर आतून तापतो.
– कांद्याचं रोप गादीवाफ्यावर, वाफ्यांमधली सरी मोकळी.
– गोठ्याचे पत्रे तारेने आवळा, वर माती भरलेली पोती.
– जनावरं लिंबाखाली किंवा डीपीजवळ बांधू नका.
– नदीकाठच्या मोटारी वर काढा. ऑक्टोबरला उजनी बहुधा भरलेली असते, वरून आलेलं पाणी धरायला जागा नसते, ते भीमेत सोडतात. सीनाकाठच्यांना सप्टेंबर 2025चा पूर विसरायचं कारण नाही.
– फोनमध्ये दामिनी ॲप. वीज जवळ दाखवली की रान सोडा, झाडाखाली थांबू नका, मोबाईलवर चार्जिंग लावून बोलू नका.
– टॉर्च, दोर, कोयता, काडेपेटी एका पिशवीत, दारामागे.

रब्बी ज्वारीची घाई करणाऱ्यांना एक. मंगळवेढ्याच्या भारी रानात मालदांडी पेरायची असेल तर इशारा उतरेपर्यंत थांबा. पेरल्यावर दणका बसला तर वर खपली धरते आणि उगवण अर्धी होते. पेरणी 15 ऑक्टोबरपर्यंत आटोपली तर बरं, पण वापशाशिवाय, म्हणजे चिखल ओसरून माती पेरण्याजोगी झाल्याशिवाय, तिफण घालू नका. बियाणं एकरी 4 किलो, किलोला 4 ग्रॅम 300 मेशचं गंधक चोळून, काणी रोगासाठी.

वादळाचा इशारा वेधशाळा जिल्ह्यापुरता देते, तुमच्या गटापुरता नाही. माझा अंदाज असा चालतो, पटलं तर घ्या : सकाळपासून वारा पडलेला, दोनपर्यंत घामाने अंगरखा अंगाला चिकटतो, चतुर जमिनीलगत घिरट्या घालतात आणि वासरं दावणीला उगाच ओढ घेतात, त्या दिवशी चारनंतर मी रानात कोणाला ठेवत नाही. शास्त्र विचाराल तर नाही सांगता येणार. पण अशा दिवशी दुपारी मी पुन्हा एकदा चराच्या तोंडाशी जाऊन येतो, कारण सकाळी साफ केलेल्या तोंडावर दुपारी कोणाची तरी शेळी पाचट ओढून बसलेली असते.

वारा थांबल्यावर पहिली फेरी पाण्याची, पिकाची नंतर. कुठे साठलंय, किती वेळ थांबतंय. भारी रानात चोवीस तासांच्या वर पाणी राहिलं की तुरीची मुळं गुदमरतात, वर सगळं हिरवं दिसतं आणि आठ दिवसांनी झाड माना टाकतं. पाणी काढून वापसा आला की खोडाजवळ कॉपर ऑक्सिक्लोराईड, 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम, आळवणी. पिवळेपणा दिसला तर 13:00:45 हे विद्राव्य खत, 10 लिटरला 100 ग्रॅम, फवारणी. एवढंच. दुकानात या वेळी पाच बाटल्यांचं किट असतं, ते राहू द्या.

नुकसान झालंच तर आडवी झाडं लगेच उचलू नका. फोटो काढा, मागे बांध किंवा विहीर अशी ओळखीची खूण येईल असे, तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी कळवा. पंचनामा होईपर्यंत गड्ड्यासकट पडलेल्या आणि मोडलेल्या केळी वेगळ्या मोजून वहीत लिहा, ओळीच्या नंबरासह. मग तीन हिस्से भरलेले घड उतरवून मिळेल त्या भावाने द्या, खोड बुंध्यापासून कापा आणि गड्डा जागेवर असेल तिथे एकच तलवारी (अरुंद पानांचं) पील राखून बाकीचे काढून टाका. गड्डा उपटलेल्या ओळींचे नंबर चराजवळचे निघाले, तर पंचनामा झाल्या दुसऱ्या दिवशी फावडं तिकडेच न्या. चित्रा अजून जायची आहे आणि स्वाती मागे उभी आहे.