वाहतुकीचं जाळं आखताना आधी गाडी बदलण्याच्या जागा ठरवा

नकाशावर लगेच मार्गांच्या रेघा ओढू नका. मी वेळापत्रकं आखते आणि नव्या सहकाऱ्यांना पहिलं काम हेच देते: लोक कुठे उतरून दुसरी गाडी धरतील, तिथे खुणा करा. बस, मेट्रो, रेल्वे, सगळ्या रेघा त्या खुणांवरून गेल्या पाहिजेत.

मग दोन फेऱ्यांमधलं अंतर बघा. दर 10 मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी 5 मिनिटं थांबावं लागतं; वेळा जुळवत बसायची गरज नाही. दर 30 मिनिटांनी असेल तर त्या जुळवायलाच हव्यात. सगळ्या दिशांच्या गाड्या गाडी बदलण्याच्या केंद्रावर एकदम आणा, जरा थांबवा, एकदम सोडा. दोन केंद्रांवर हे साधायचं, तर त्यांच्यातला प्रवास अर्ध्या तासाच्या थोडा आत बसला पाहिजे. स्वित्झर्लंडने डिसेंबर 2004 मध्ये नवा लोहमार्ग सुरू करून झुरिक–बर्न प्रवास 56 मिनिटांवर आणला, तो याच हिशेबाने, फक्त तिथे मोजमाप तासाचं होतं. त्याहून वेगाने पोचलेली गाडी जोडगाडीची वाट बघत उभीच राहिली असती. तुमच्या बसला 33 मिनिटं लागत असतील, तर जास्तीच्या बस मागण्याआधी ती पाच-सहा मिनिटं शोधा: सिग्नलला प्राधान्य, स्वतंत्र मार्गिका, सगळ्या दारांतून चढउतार.

गाडी बदलण्याची जागा गर्दीच्या वेळी स्वतः चालून बघा, तीही जड बॅग घेऊन. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला लिफ्ट शोधत हिंडावं लागत असेल, तर आराखडा परत पाठवा. मी पाठवते.

गाडी बदलली म्हणून नव्याने भाडं घेऊ नका. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने जुलै 2004 मध्ये बस आणि मेट्रोचं भाडं एकूण अंतरावर बांधलं, आणि बसकंपन्यांना तिकिटांऐवजी धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायला सुरुवात केली. प्रवासी पळवण्याची चढाओढ अशीच थांबते. पैशांची वाटणी मार्ग ठरण्याआधी कागदावर आणा; नंतर कोणीच आपला मार्ग सोडत नाही.

शेवटची फेरी मात्र वेगळी तपासा. शेवटची रेल्वे यायच्या आत शेवटची बस सुटता कामा नये. रेल्वेला उशीर झाला तर बस किती मिनिटं थांबेल, हे चालकाच्या वेळापत्रकावरच छापा आणि नियंत्रण कक्षालाही तोच आकडा द्या.