वंशावळ लिहायचीय? आधी 'वंश' समजून घ्या
संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू, हिंदीतला बांस त्यातूनच आला आणि सितोपलादी चूर्णात पडतं ते वंशलोचनही बांबूतच मिळतं. बांबू पेरापेराने वाढतो तशी पिढीवर पिढी, म्हणून घराण्याला तोच शब्द, किती सुंदर आहे ना हे! आवळ म्हणजे आवली, ओळ.

तर वंशावळ लिहिताना एक पिढी म्हणजे एक पेर धरा, खालून स्वतःपासून सुरू करून वडील, आजोबा, पणजोबा असं वर चढा, आज्जीला आजच विचारा, मग जुने सातबारे, फेरफार बघा, त्र्यंबकेश्वरला तीर्थपुरोहितांच्या वह्यांत पण नावं सापडतात. आणि लेकींची, सुनांची माहेरची नावं लिहाच प्लीज, ती नेहमी गळतात.