ॲक्सिडेंटनंतरचा सीआरपी कसा वाचायचा

मामांची बाइक घसरली, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किती आहे ते सांगणारी रक्ताची टेस्ट, आला १४२. नॉर्मल ५ च्या आत असं रिपोर्टवरच छापलेलं, त्यामुळे फॅमिली ग्रुपवर लगेच "इन्फेक्शन झालं" म्हणून बोंब. अहो, हाड मोडलं, मांस फाटलं की लिव्हर सीआरपी बनवायला लागतंच, जंतू असोत नसोत, आणि वरून ऑपरेशन म्हणजे दुसरी जखमच की.

म्हणून पहिलं काम, एका वहीत ऑपरेशनची तारीख लिहा, तो दिवस शून्य. मग प्रत्येक रिपोर्ट दिवसासकट खाली खाली लिहीत जा. सीआरपी सहा-आठ तासांत चढायला लागतो, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर जातो आणि मग उतरायला हवा. उतरतोय ना, मग आकडा ९० असला तरी हातपाय गाळू नका. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तिथेच अडकला किंवा उतरून परत चढला, तर डॉक्टरांना विचारायचं. मध्ये दुसरं ऑपरेशन झालं तर मोजणी परत शून्यापासून.

युनिट बघा, हे तर आधी बघा! आमचं हॉस्पिटल बदललं आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला १३.८, मामी देवापुढे साखर ठेवून आली. नंतर कळलं की पहिली लॅब लिटरला मिलिग्रॅम देते, ही डेसीलिटरला, म्हणजे दहाने गुणा, झाले १३८. काही उतरलं नव्हतं.

पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर गेल्या तरी एकट्या त्यांच्यावर विसंबू नका, मार लागल्याच्या ताणाने आणि स्टेरॉइडनेही त्या वाढतात. ईएसआर, म्हणजे सूज दाखवणारी दुसरी जुनी टेस्ट, तर या काळात बघूच नये, तो कित्येक आठवडे चढलेलाच राहतो.

प्रोकॅल्सिटोनिन महाग टेस्ट आहे, पण जंतूंच्या, म्हणजे बॅक्टेरियाच्या, इन्फेक्शनबद्दल सीआरपीपेक्षा जास्त काही सांगते. ०.५ (मिलिलिटरला नॅनोग्रॅम) च्या वर गेली की डॉक्टर सावध होतात, पण मोठ्या ॲक्सिडेंटमध्ये, विशेषतः पोटाला मार असेल तर, तीही पहिल्या एक-दोन दिवसांत नुसत्या माराने वाढते आणि किडनी खराब असेल तरी वर राहू शकते. त्यामुळे इथेही दोन-तीन रिपोर्ट लागोपाठ बघायचे. नवीन अँटिबायोटिक सुरू करणार असतील तर आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट) घेतलंय का एवढं नम्रपणे विचारा, औषध गेल्यावर घेतलं तर जंतू सापडायची शक्यता कमी होते. मात्र बीपी पडलंय, धाप लागलीय, पेशंट बरळतोय, तर वही ठेवा बाजूला आणि सिस्टरना हाक मारा, रिपोर्टची वाट बघत बसू नका.

आणि पेशंटला नीट बघा. मामांचा सीआरपी पाचव्या दिवशी ९६ होता, सहाव्याला ११८, अंगात ताप, सगळे मांडीचं ड्रेसिंग उघडून बघतायत तर टाके एकदम कोरडे. मामी हात पुसायला गेली तेव्हा दिसलं, इंट्राकॅथ (सलाइनची शिरेतली नळी) लावलेली जागा लाल, शीर दोरीसारखी कडक. सिस्टरनी ती नळी काढून दुसऱ्या हाताला लावली, आठव्या दिवशी वहीत ६१ लिहिलं.