खोकल्याला तीन आठवडे द्या: ब्रॉंकायटिसमधल्या नेहमीच्या चुका

"पाच दिवस झाले, खोकला हटत नाही. अँटिबायोटिक सुरू करू का?" हा प्रश्न ऐकून माझा जीव मेटाकुटीला आलाय. अक्यूट ब्रॉंकायटिस म्हणजे श्वासनलिकांना आलेली सूज. दहातल्या नऊ वेळा ती विषाणूंमुळे येते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. ताप, अंगदुखी लवकर ओसरते. पण दुखावलेलं नलिकांचं अस्तर भरून यायला वेळ लागतो, म्हणून खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

माझ्या धाकट्या भावाला एवढा धीर कुठला! दाढ काढली तेव्हाची अमॉक्सिसिलिनची अर्धी पट्टी कपाटात होती. सहाव्या दिवशी त्याने ती काढली. "पिवळा कफ पडतोय, म्हणजे जंतूच." उरलेल्या चारही कॅप्सूल घेतल्या. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, खोकला होता तिथेच. खोकला थांबला एकोणिसाव्या दिवशी, आपल्या वेळेने. कफाला पिवळा-हिरवा रंग येतो तो संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे, मग कारण विषाणू का असेना. नुसत्या रंगावरून औषध ठरवू नका. उरलेल्या गोळ्या मी घरात ठेवतच नाही.

जुनाट ब्रॉंकायटिसची गोष्ट वेगळी. सलग दोन वर्षं, दरवर्षी किमान तीन महिने कफाचा खोकला असेल तर तो जुनाट. तिथे सिगारेट चालू ठेवून औषध घेणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वडिलांचा पंपही, म्हणजे श्वासातून औषध घ्यायचा इनहेलर, ते कसा वापरतात हे मी कित्येक महिने नीट पाहिलं नव्हतं. ते आधी पंप दाबत, मग श्वास घेत. अर्धं औषध ओठांच्या कडेने धुरासारखं बाहेर. आता मी शेजारी बसते: पंप हलवा, श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला लागताच दाबा, हळूहळू ओढा, दहा अंक होईपर्यंत रोखा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला की हे खूप सोपं जातं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायचीच.

उकळतं पातेलं मांडीवर घेऊन वाफ घेऊ नका, भाजतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. कफ सुटत असताना खोकला दाबणारं सिरप मनाने घेऊ नका.

धाप लागली, छातीत दुखलं, कफात रक्त दिसलं किंवा ताप हटेना, तर मात्र एक दिवसही थांबू नका. खोकला तीन आठवड्यांपुढे गेला तरी तपासून घ्या.